फटीगची पाचवी चिठ्ठी

काका: ...म्हणून आधीच सांगून ठेवतो पोरी, मी आता जे सांगणार आहे ते आजवर कुणालाही पटलेलं नाही. तुलाही पटणार नाही.

मुलगी: मला पटायला नकोच आहे, काका. मला तुमची सही हवीय.

काकू: आल्या आल्या सही? कोण गं तू? ह्यांना धड सही येते असं तुला कुणी सांगितलं? बँकेत तीन-तीनदा करतात, तरी त्या एकमेकींसारख्या दिसत नाहीत.

काका: अगं, ही तपासनीसाची मुलगी. पुलाच्या.

काकू: कुठल्या पु... अगं बाई. त्या पुलाच्या?

मुलगी: हो काकू. पडला त्याच. अकरा माणसं गेली होती. पूल तपासायचं काम बाबांचं. चौकशीत त्यांनी सांगितलं, आठ महिने आधी मला दिसलं होतं, मी अहवाल दिला होता. त्यांचे वरचे साहेब म्हणाले, असा अहवाल कधी आलाच नाही. फायलीत खरंच नव्हता तो. मग बाबा म्हणाले, माझ्या बोलण्याची एक चिठ्ठी आहे, शब्दकोशाच्या कार्यालयात. ती मागवली. ती आली ती ही अशी.

काकू: बघू. चष्मा कुठाय माझा... ह्यात काळंच जास्त आहे.

मुलगी: वर शब्द आहे, 'फटीग'. नाम. अर्थ पाचवा. मागे तारीख आहे. खाली चिठ्ठी लिहिणाऱ्याचं नाव, म्हणजे काकांचं. मधली ओळ शाईनं भरलीय, उरलंय फक्त 'तुळईला फटीग आला आहे'. कुठली तुळई, कुठला पूल, काही नाही. चौकशीत सगळे हसले म्हणे. घाबरलेला माणूस शब्दकोश घेऊन आलाय म्हणाले.

काकू: पाणी घे आधी.

मुलगी: परवा, सोमवारी सुनावणी आहे. बावीस वर्षांनी प्रकरण पुन्हा उघडलंय, आणि ही शेवटची. ह्याच्यापुढे काही नाही. वकील म्हणाले, रडणं नको, कागद आणा. काका, काळ्याखाली काय होतं तेवढं लिहून द्या. दोन ओळी. मी उठून जाते.

काका: तुझे बाबा कसे आहेत?

मुलगी: हातोडी घेऊन फिरतात. तुम्हाला आठवत असेल, ती छोटी, लांब दांड्याची. पलंगाचा पाय ठोकतात, नळ ठोकतात, दाराच्या बिजागऱ्या ठोकतात आणि कान लावून बसतात. गेल्या वर्षापासून ऐकू येत नाही त्यांना. तरी ठोकतात.

काकू: औषधपाणी?

मुलगी: डॉक्टर म्हणतात, जेवतात ना, मग फार विचारू नका. आता उठणंही कमी झालंय. अंथरुणात बसून भिंत ठोकतात. सोमवारचं कानाशी ओरडून सांगितलं मी. म्हणाले, चिठ्ठी सापडली का?

काका: हं.

मुलगी: हे पेन.

काका: ठेव तिथं. गोष्ट ऐकून घे, मग सहीचं बघू. एक होता चिठ्ठीवाला.

मुलगी: म्हणजे तुम्ही.

काका: 'मी' म्हटलं की माणूस आंघोळ करून, इस्त्रीचे कपडे घालून समोर येतो. 'तो' म्हटलं की निदान बनियनवर सापडतो. तर तो चिठ्ठीवाला. कोशाच्या कार्यालयात तिसऱ्या मजल्यावर त्याचं टेबल. पण बूड टेकायला मिळेल तर शपथ. थोरल्या संपादकांनी रीतच अशी घालून दिलेली. इंग्रजी शब्दाचा अर्थ दुसऱ्या पुस्तकातून उचलायचा नाही. तो शब्द ज्याच्या हातात रोज असतो त्याला गाठायचं, तो कामावर असताना. त्याच्या तोंडचं वाक्य जसंच्या तसं चिठ्ठीवर उतरवायचं, त्यालाच वाचून दाखवायचं. त्यानं मान डोलावली की चिठ्ठी खणात.

काकू: आणि जेवायची वेळ झाली की हा बाबा गायब.

काका: एकदा त्याच्या वाट्याला हा शब्द आला. फटीग. थकवा म्हणून मोकळं व्हावं, तर प्रत्येक धंद्याचा फटीग निराळा. पहिल्यांदा तो गेला लष्कराच्या फाटकाशी. हवालदाराला विचारलं, फटीग म्हणजे काय हो? हवालदारानं ह्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, हातात खराटा दिला आणि म्हणाला, चल. तीन दिवस! अडीचशे जवानांचे संडास, तबेला, आणि वर माझ्या उंचीचा बटाट्यांचा ढीग सोलायला. चौथ्या दिवशी म्हणाला, हा फटीग. बंदूक हातात नसते तेव्हा शिपायाकडून जे करून घेतात ते. आता लिही.

काकू: एक सकाळ. बटाटे बिटाटे काही नाही. दुपारी घरी आले ते कंबर धरून.

काका: गोष्टीत कंबर धरायला तीन दिवस लागतात. मग तो कॉलेजात गेला. तिथले प्राध्यापक बेडकाच्या सुट्या तंगडीला विजेचा झटका द्यायचे. तंगडी उडायची. परत झटका, परत उडी. होता होता उडी बारीक होत गेली, आणि शेवटी झटका द्या नाहीतर शिव्या द्या, तंगडी ढिम्म. प्राध्यापक म्हणाले, हा स्नायूचा फटीग, थोडी विश्रांती दिली की परत येईल रंगात. चिठ्ठीवाला डबा खाऊन येतो तर तंगडीनं अशी उडी घेतली की थेट खिडकीतून बाहेर, आणि खाली प्राचार्यांच्या टोपीवर!

मुलगी: काका.

काका: टोपी माझ्या पदरची. तंगडी खरी.

मुलगी: काका, मला सव्वापाचची गाडी आहे.

काका: तिसरी चिठ्ठी नर्सबाईंची. पेशंटच्या उशाशी यंत्रं, दिवसभर आपली टिंग टिंग. नवी नर्स प्रत्येक टिंगला पळते. जुनी हलत नाही. बाई म्हणाल्या, आळस नाही हो हा. शंभरदा खोटी वाजते, एकशे एकाव्यांदा खरी वाजते, पण तोवर कानच दमलेले असतात. ह्यालाही आम्ही फटीगच म्हणतो. असं म्हणाल्या आणि बोलता बोलता मागे वळून धावत सुटल्या. ह्यात माझा एक शब्द नाही.

मुलगी: चौथी?

काका: चौथी फुटपाथवरच्या कापडवाल्याची. फटीग पँट, सहा खिसे, धुऊन विटणार नाही. विटली. काकूला विचार.

मुलगी: आणि पाचवी.

काका: हो. पाचवी.

काकू: का थांबलात? एरवी तर जिभेला उसंत नसते.

काका: पुलाच्या खाली लोखंडी शिडी होती. तपासनीस तिथं बसलेला, पाय खाली सोडून, जसा कट्ट्यावर बसावा. खाली पाणी. चिठ्ठीवाला कठडा दोन्ही हातांनी धरून उभा, वही दातांत. तपासनीस एकेक रिव्हेट ठोकत होता. टण्ण, टण्ण, टण्ण. मग एक वाजला बद्द. फुटक्या माठासारखा. तपासनीसानं परत ठोकला. परत बद्द. मग वर बघून म्हणाला, तुम्ही कोण? चिठ्ठीवाल्यानं सांगितलं, मी शब्दाचा अर्थ विचारायला आलोय. तर तो हसला. म्हणाला, सतरा वर्षं लोखंड ठोकतोय, आजपर्यंत सगळे एवढंच विचारत आले की कधी आटपणार. अर्थ विचारणारे तुम्ही पहिलेच.

मुलगी: हे बाबा सांगायचे. तुमच्याबद्दल चांगलंच बोलायचे ते.

काका: चांगलंच बोलायचे?

मुलगी: एवढा उंचीला घाबरणारा माणूस, पण एका शब्दासाठी शिडी उतरला म्हणायचे.

काका: ...त्यानं खिशातून तारेचा तुकडा काढला. म्हणाला, वाकवा. चिठ्ठीवाल्यानं वाकवला. सरळ करा. केला. परत वाकवा. विसाव्या-बाविसाव्यांदा तार त्याच्या बोटांत तुटली. तपासनीस म्हणाला, तुम्ही काही जोर लावला का? नाही ना? लोखंड जोरानं मोडत नाही, त्याच त्या गोष्टीनं मोडतं. वरून ट्रक जातो, तुळई केसाएवढी वाकते, सरळ होते. दिवसाला चारशे ट्रक. बाहेरून रंग दिलेला, काही दिसत नाही. आणि मग तो एक वाक्य बोलला. आत्ता, ह्या पुलाबद्दल.

मुलगी: काय बोलले?

काका: चिठ्ठीवाल्यानं ते लिहून घेतलं. वाचून दाखवलं. त्यानं मान डोलावली. काय सांगू तुला, आधीच्या चारही चिठ्ठ्यांत तसं वाक्य नव्हतं. शब्द कसा आपल्या जागी बसलेला! चिठ्ठीवाला शिडी चढून वर आला तो जवळजवळ शीळ घालत.

मुलगी: अकरा माणसं मरणार असं सांगणारं वाक्य घेऊन?

काका: त्याला शब्दाचा अर्थ हवा होता, तो मिळाला. वाक्य काय म्हणतंय इकडे त्याचं लक्षच गेलं नाही. हा त्या धंद्याचाच दोष आहे पोरी. एखादा 'घर पेटलंय' म्हणून ओरडत आला, तरी चिठ्ठीवाला आधी बघणार, पेटलंय म्हणाला की जळतंय म्हणाला.

काकू: थांबा जरा. हे कधीचं म्हणालात? आठ महिने आधी?

काका: अं? हो. थंडीत केव्हातरी.

काकू: त्याच थंडीत तुम्ही खालच्या होडीनं कामाला जायला लागलात.

काका: व्यायाम होता तो.

काकू: होडीत बसून? पाऊण तास लवकर निघत होतात घरातून. ज्या माणसाला मी दोन हाका मारल्याशिवाय जाग येत नाही, तो अंधारात उठून बसायचा. मी म्हटलं होतं शेजारणीला, ह्यांचं काहीतरी बिनसलंय.

काका: अगं, तिकिटात फरक...

काकू: आणि मला म्हणालात, ताईकडे जाशील तर पुलावरून जाऊ नकोस, वारं फार असतं, तुझा दमा. आठ महिने मी खालून गेले. चिखल तुडवत. तुमचं ऐकून.

मुलगी: तुम्ही पुलावरून गेलाच नाहीत, काका? त्या दिवसानंतर एकदाही?

काका: चिठ्ठीवाला गेला नाही.

काकू: चिठ्ठीवाला गेला चुलीत! तुम्हाला माहीत होतं.

काका: पायांना माहीत होतं. डोक्याला विचारशील तर मी शपथेवर सांगेन, नव्हतं. सकाळी पुलाकडे वळायचो आणि पाय आपले खाली उतरायचे. मी त्यांना कधी विचारलं नाही की का.

काकू: कुणाला सांगितलंत तुम्ही हे? आठ महिन्यांत? एका तरी माणसाला?

काका: तुला.

काकू: मला? मला तुम्ही वारं सांगितलंत!

काका: दुसरं कुणी सुचलं नाही.

काकू: आपला दूधवाला होता त्या पुलावर. रोज सकाळी दारात उभा राहून माझ्याशी दोन शब्द बोलायचा. मी त्याला म्हणाले असते, खालून जा रे बाबा, वारं असतं. एवढं तर म्हणाले असते ना मी?

काका: चहा टाक जरा.

काकू: मी नाही टाकत.

मुलगी: काकू, बसा. तुम्ही बसा. काका, मला ह्यातलं काही परवा कोर्टात सांगायचं नाहीये. होडी नाही, दमा नाही. तुम्ही काय केलंत, काय नाही केलंत, ते तुमचं तुमच्यापाशी. मला फक्त त्या काळ्याखालची ओळ द्या.

काका: तिथंच तर येतोय. त्या कार्यालयात आणखी एक रीत होती. छाटणी. वाक्य खणात जाण्याआधी त्यातला माणूस काढायचा, गाव काढायचं, नंबर-बिंबर काढायचा. म्हणजे कोशातलं वाक्य कुणालाही चालावं. थोरले संपादक म्हणायचे, आपण शब्दाची दाढी करतो, गालाचं नाव कशाला हवं? तर चिठ्ठीवाला त्या दिवशी संध्याकाळी कार्यालयात परत आला, टेबलाशी बसला, दौत उघडली, आणि नियमाप्रमाणे वाक्य छाटलं. 'तुळईला फटीग आला आहे.' बस. सुबक. बाकीच्यावर शाई.

मुलगी: त्याच संध्याकाळी?

काका: त्याच संध्याकाळी. आठ महिन्यांनी पूल पडला. बारा-तेरा दिवसांनी तुझे बाबा कार्यालयात आले. दाढी वाढलेली. म्हणाले, माझं त्या दिवशीचं बोलणं तुम्ही लिहून घेतलं होतं, परवा चौकशी आहे. चिठ्ठीवाल्यानं खण ओढला, चिठ्ठी काढली, पुढं ठेवली. ही अशी, छाटलेली. तुझ्या बाबांनी ती पाहिली. चष्मा पुसला आणि जिना उतरले. चिठ्ठीवाल्याला किती वाटलं असेल! पण त्याच्या हातात काय होतं? रीत आडवी आली. चौकशीतही त्यानं तेच सांगितलं, तीस हजार चिठ्ठ्या लिहिल्या साहेब, खालचं आठवत नाही. आजही आठवत नाही. आणि जे आठवत नाही त्याच्यावर सही करायची म्हणजे तुझ्या बाबांचीच केस कच्ची करायची. तूच सांग.

मुलगी: झाली गोष्ट?

काका: झाली. म्हटलं होतं ना, पटणार नाही.

मुलगी: त्या दिवशी बाबा एकटे नव्हते आले, काका.

काका: एकटेच होते. मी...

मुलगी: मी होते. नऊ वर्षांची. आईला ताप होता म्हणून बाबा मला बरोबर घेऊन आले होते. तिसऱ्या मजल्यावर बाहेर बाक होतं, त्यावर बसवलं मला. समोर कुणाची तरी छत्री वाळत होती.

काका: असेल. आठवत नाही.

मुलगी: बाबा आतून आले ते हसत आले. पूल पडल्यापासून ते हसले नव्हते, म्हणून माझ्या लक्षात राहिलं. म्हणाले, सगळं आहे गं. शब्दन् शब्द आहे. त्या भल्या माणसानं सगळं लिहून ठेवलंय आणि परवा तो स्वतः घेऊन येणार आहे.

काकू: अहो...

मुलगी: मला म्हणाले, तूही पाठ कर. जिना उतरताना पायरीला एक शब्द. खाली पोचलो तेव्हा मला येत होतं, तरी परत वर गेलो आणि परत उतरलो. त्या दिवशी त्या चिठ्ठीवर शाई नव्हती, काका. तुम्ही ती नंतर छाटलीत. त्या दोन दिवसांत. चौकशीच्या साहेबांनी तुम्हाला विचारू नये म्हणून, की एवढं माहीत होतं तर तुम्ही कुणाला सांगितलंत.

काकू: अहो, बोला काहीतरी. खोटं असेल तर खोटं म्हणा.

(काका पेनाकडे बघत राहतो. पेनाला हात लावत नाही.)

मुलगी: मी सांगितलं तर कोर्टात चालत नाही. मुलगी आहे ना मी. म्हणून तुमच्याकडे आले. आठवत नसेल तर मी म्हणून दाखवते, तुम्ही लिहा. 'तिसऱ्या खांबावरच्या डाव्या तुळईला फटीग आला आहे. मी वर कळवलं आहे. अजून कुणी आलेलं नाही.'